दिराचं चित्र

परदेशात आलेल्या सुनेला आमच्यात सगळं माफ असतं. नोकरी नसली तरी चालते, भाषा येत नसली तरी चालते. फक्त अंगात कला नसावी. कला असली की ती घरच्यांच्या कामाला येते, आणि घरच्यांचं काम कधी संपत नाही.

आमच्या रंगारणीचं तसंच झालं. रंगारीण हे तिला सासरच्यांनी ठेवलेलं नाव. ते कौतुकानं ठेवलंय असं बिचारीला बरेच दिवस वाटत होतं. नवरा बस चालवायचा, सासूबाई घर चालवायच्या आणि धाकटा दीर काहीच चालवत नव्हता, एक मोटरसायकल सोडली तर. ‘आम्ही तुला इथं आणलं’ हे वाक्य त्या घरात मिठासारखं सगळ्यात पडायचं. मग आणल्याची परतफेड म्हणून तिनं साऱ्या गोतावळ्याची चित्रं काढायची. चुलतसासूबाईंच्या दोन हनुवट्यांची एक करायची, मामेसासऱ्यांना केस द्यायचे. दिराला स्थळं सांगून यायला लागली तेव्हा तर तिनं त्याचं असं चित्र काढलं की मुलीकडच्यांनी फोटो मागितलाच नाही. बसकं नाक सरळ केलं, बाहेर आलेले कान आत घेतले, हसताना डावीकडे खाली घसरणारा ओठ जागेवर बसवला. लग्न काही जमलं नाही, कारण मुली शेवटी प्रत्यक्ष बघायच्याच. चित्र मात्र बैठकीच्या खोलीत लागलं. दीर बाहेर पडताना आरशाऐवजी त्याच्याकडे बघून केस सारखे करायचा.

संध्याकाळी ती स्टेशनसमोर स्टूल टाकून येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे काढायची. तिथं एका पोलीस बाईनं तिला हेरलं. चौकीतला चित्रकार निवृत्त झाला होता, आणि साक्षीदाराच्या सांगण्यावरून गुन्हेगाराचा चेहरा काढणारं माणूस हवं होतं. आता रंगारणीला इथली भाषा येते ती बाजारहाटापुरती. जिवणी, भुवई, जबडा असले शब्द कुठून येणार? मग तिनं स्वतःची रीत काढली. साक्षीदाराला समोर बसवायचं आणि म्हणायचं, माझ्या तोंडाला हात लावून दाखव. नाक दाबून दाखव, भुवई ओढून दाखव. लोक आधी लाजायचे, मग हात धीट व्हायचे. तिच्या चित्रांवरून चोर सापडायला लागले. पहिला सापडला तेव्हा तिनं मोठ्या उत्साहानं घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं. आता भांडी विसळून घे.”

माझी लॉन्ड्री आहे. तिथं कपडे दुरुस्त करायला एक म्हातारी येते, इथलीच. तोंडानं फटकळ, पण तिची टीप बघत राहावी. एका मोटरसायकलवाल्यानं रस्त्यात तिची पिशवी ओढली. ही सोडेना. फरफटत गेली आणि उजवं मनगट मोडून बसली. पिशवीत होतं काय, तर चष्मा, कात्री आणि माझ्या गिऱ्हाइकाची पँट. हाड जुळेल असं डॉक्टर म्हणाले. सुई धरता येईल असं कोणी म्हणालं नाही. म्हातारीला चौकीत मीच घेऊन गेले, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

म्हातारीनं डाव्या हातानं रंगारणीचं नाक दाबून बसवलं. कान पुढे ओढले. “मी पिशवी सोडेना, तेव्हा तो हसला,” ती म्हणाली, आणि बोटानं रंगारणीच्या ओठाचं टोक खाली ओढलं. पेन्सिल थांबली. मला वाटलं, नख लागलं असेल. मी दिराला कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते बैठकीतलं चित्र.

नाक बदलायला एक रेघ पुरली असती, असं ती मला नंतर म्हणाली. सगळं घर तिच्या डोळ्यांपुढे आलं, व्हिसाचे कागदसुद्धा आले. पण सासरी खोटी नाकं काढून काढून तिला वीट आला होता, आणि समोर प्लॅस्टरमधला हात होता. तिनं ओठ काढला तो घसरलेलाच काढला. नाव मात्र सांगितलं नाही. चित्रकाराला चित्र विचारतात, नाव कुठं विचारतात, अशी स्वतःची समजूत घातली.

चित्र भिंतीभिंतींवर लागलं. नवऱ्यानं एक बसथांब्यावरून काढून घरी आणलं. म्हातारीची पिशवी गेली त्या दिवशी दीर बाही फाडून घरी आला होता आणि घरात कोणी काही विचारलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कागद टेबलावर पसरला. सासूबाईंनी चष्मा लावला, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “हा कोण मेला?”

मग सगळ्यांनाच दिसलं, की खरंच, हा कोण? बैठकीतलं चित्र उतरवून शेजारी ठेवलं. नाक वेगळं, कान वेगळे. दिराचा जीव भांड्यात पडला. “वहिनी, तुझे पाय धुऊन पाणी प्यायला हवं,” तो म्हणाला. “भलत्याचंच काढलंस.”

त्या दिवसापासून तिचं नशीब फिरलं. उजेडाच्या ज्या खोलीसाठी ती वर्षानुवर्षं हात जोडत होती, ती बॅगा हलवून तिला मिळाली. चहा हातात येऊ लागला. सासरी आल्यापासून पहिल्यांदा तिनं घरच्या माणसाचं नाक होतं तसं काढलं होतं, आणि त्यासाठीच तिचा सत्कार चालला होता. ती गप्प राहिली. मला तिचा राग येतो तो इथं. पण उजेडाची खोली मला कोणी देऊ केलेली नाही, तेव्हा मी काय बोलणार.

चौकीत मात्र पोलीस बाई म्हणाली, “या वेळी तुमचं चित्र फसलं. कोणीच ओळखत नाही.”

हे तिला झोंबलं. फसवणारी म्हणाले असते तर तिनं ऐकून घेतलं असतं. चित्र फसलं, हे कसं ऐकून घ्यायचं? त्याच तिरमिरीत ती घरी आली, तर खोलीच्या दारात दीर टेकून उभा.

“पुन्हा बोलावलं तर असंच काढत जा, वहिनी. म्हणजे मला घोर नको.” आणि तो हसला.

“तो तूच आहेस,” रंगारीण म्हणाली.

“काहीतरीच काय.”

बसथांब्यावरचा तो कागद तिनं खोलीच्या भिंतीवर लावला होता, तो ओढला आणि त्याच्या गालाशी धरला. नवऱ्याला हाक मारली, सासूबाईंना मारली. नवऱ्यानं एकदा कागदाकडे बघितलं, एकदा भावाकडे, आणि मग तो फरशीकडे बघायला लागला.

“हिला कुठं चित्र येतंय,” दीर म्हणाला. “आई, तू सांग.”

“तोच आहे,” सासूबाई म्हणाल्या. कागदाकडे त्यांनी पाहिलंही नाही. “मी पहिल्याच दिवशी ओळखलं. पोटच्या पोराला ओळखायला मला चष्मा लागत नाही. मी आधी बोलले नसते, तर तुम्ही सगळे ओळखून बसला असता.” मग सुनेकडे वळल्या. “हुबेहूब काढलंयस. आता तो कागद फाड आणि बस आपल्या खोलीत रंगवत.”

सासूबाईंनी तिच्या कामाची केलेली ही पहिली स्तुती. ती ऐकायला तिनं किती जणांच्या हनुवट्या सारख्या केल्या होत्या. तिनं कागदाची घडी केली आणि चपला घातल्या.

“कुठं निघालीस?” नवऱ्यानं विचारलं.

“चौकीत. नाव सांगायचं राहिलंय.”

कोणी आडवं आलं नाही. ती जिना उतरत होती तेव्हा वरून सासूबाईंचा आवाज आला. रागावतील, शाप देतील, अशी तिची तयारी होती. पण त्या रडत होत्या.

“थोडं वाईट काढलं असतंस, तर तुझं काय गेलं असतं गं?”