चौथ्या भागात गेलेली बहीण

दवनीवाड्याच्या भूमेश्वरीशिवाय रोवणीत बायांचे हात चालत नसत. बाया चिखलात वाकून धान रोवत आणि ती गोष्ट सांगे. दंडक एकच होता, एका बांधीत, म्हणजे बांधानं वेढलेल्या धानाच्या एका तुकड्यात, सुरू केलेली गोष्ट त्याच बांधीत संपवायची.

यंदा तिनं भाची रुचिच्या मोबाइलवर पाहिलेली जपानी ॲनिमे मालिका सांगितली. काय ते आभाळाचे रंग, काय ते संगीत! बांधी संपत आली तशी सुमित्राबाई म्हणाली, "सारं झालं, पण त्या पोराची नावेत बसून गेलेली बहीण कुठं गेली वो?"

रविवारी भूमेश्वरीनं चोवीसही भाग पुन्हा पाहिले. बहीण चौथ्या भागात नावेत बसली, ती बसलीच. "एवढे रंग भरले, अन् पोरगीच विसरले लेकाचे!"

सोमवारी ती रोवून झालेल्या त्याच बांधीच्या धुऱ्यावर बायांना घेऊन उभी राहिली. तिनं गोष्ट पुढं नेली: नाव उलटली, बहीण पोहत काठाला लागली, भावाच्या दारात येऊन तिनं पाणी मागितलं.

रुचि कुजबुजली, "मामी, मालिकेत असं नाही आहे."

"माहीत आहे मले. त्यायनं सोडलं तिले, मी कायले सोडू?"