लाखाचं झाकण

झाकणाची बिजागरी तुटते, अशा तक्रारी आठवडाभर वाचूनही मी सोलापुरातल्या त्या दुकानात लाखाचा लॅपटॉप घ्यायला उभा होतो. शेजारी वळसंगहून आलेले एक मेंढपाळ आजोबा नातीसाठी तोच बघत होते. बाजारात बकऱ्याचा जबडा उघडून दात बघावेत, तसं त्यांनी झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"आजोबा, सारखं उघडू नका, तुटेल की!" विक्रेता खेकसला.

आजोबांनी हात काढला. "तोंड उघडून बगू देत न्हाय, त्याचं बकरं आमी घेत न्हाय," म्हणाले आणि सरळ निघून गेले.

माझं डोकंच फिरलं. लाख रुपये मोजायचे आणि झाकणाला हातही लावायचा नाही? विक्रेत्याला मी चांगलंच झापलं. मग त्यानं कार्डाचं मशीन पुढं केलं आणि मी मुकाट्यानं पिन दाबला.