डोळे मिटून घर दाखवणारे मामा

नव्या मुंबईत तेव्हा जेवढी घरं बांधून झाली होती, त्याहून जास्त घरं आमच्या खोलीवाल्या मामांनी लोकांना दाखवली असतील, आणि त्यातलं एकही डोळे उघडे ठेवून दाखवलं नसेल. मामा मूळचे तिथल्याच गावचे. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की ते वळणावर यायच्या आधी आवाज यायचा. गिऱ्हाईक दारात पोचलं की मामा हात आडवा घालत. "आदी डोलं मिटा. डोलं निस्ता रंग बगतान. घर आयकाचा आसतं." मग दादरहून आलेले बँकेतले साहेब आणि त्यांच्या बाईसाहेब उंबऱ्यावर डोळे मिटून उभे, आणि बाजूला मामा हात जोडून, जशी काही आरती चाललीय. एका मास्तरांना त्यांनी अशीच खोली दिली, "आयका, पानी बारमाही हाय" म्हणून. तो आवाज वरच्या गळक्या टाकीचा निघाला. मास्तर भांडायला आले, तर मामा शांतपणे म्हणाले, "मी पानी हाय बोल्लो. कंचा, ता तुमी इचारला नाय."

अशा माणसाचा धंदा काय चालणार? पण मग डोळ्यांची साथ आली. दुनियाभर आली म्हणत होते, मुंबईत तर घरोघर लाल डोळे. आणि बस नाही, पाणी नाही म्हणून आमच्याकडे ओस पडलेल्या फ्लॅटांना एकाएकी भाव आला. कुणाला आजारी माणूस वेगळा ठेवायचा होता, कुणाला धडधाकट पोरं खाडीपलीकडे पळवून आणायची होती. आठवड्याच्या भाड्याचं नाव काढलं की ज्यांना अपमान वाटायचा, ते मालक मामांच्या मागे फिरू लागले, "मामा, लाल चालतील, पण कुणीतरी द्या." मामांनी दोन बिल्डिंगी वाटून टाकल्या. एकीत लाल, समोरचीत पांढरे. थोड्याच दिवसांत लाल बरे झाले आणि पांढरे लाल झाले, तेव्हा माणसं डोक्यावर गाद्या घेऊन मैदानातून अदलाबदल करू लागली. मधे काळा चष्मा लावून मामा, ट्रॅफिक हवालदारासारखे. किल्ल्या कडुनिंबाच्या पाण्यात बुडवलेल्या, बादलीसकट हजर.

मी तेव्हा सातवीतून शाळा सोडून बार्शीकडून आलेला, तुर्भ्याला एका कारखान्यात पॅकिंगला. माझे डोळे आले आणि मला गेटवरनंच परत पाठवलं. "बरा हो, पण लवकर. माणसं पुष्कळ आहेत." खोलीवर गाववालीच पोरं. ती म्हणाली, "लेका, तुझ्यापायी आमची ड्यूटी जाईल. गावाकडं जा." गावाकडं गेलो असतो तर परत यायला ना नोकरी राहिली असती ना जागा, आणि घरची सगळी तर माझ्याच तोंडाकडे बघत होती. ट्रंक घेऊन, चाचपडत मामांकडे गेलो. काही न विचारता त्यांनी माझं मनगट धरलं नि चालू लागले.

"डोलं मीट."

"मामा, मिटलेलेच आहेत."

"मंग तूच पयला खरा गिऱ्हाईक. आयक आता."

खाडीवरून वारा आत येत होता. बाकी काही नाही. मी भीत भीत भाडं विचारलं.

"आदी डोलं उगर, मंग बोलू."

चार-पाच दिवसांनी डोळे उघडले तेव्हा खोली पाहिली. भिंतींना गिलावा नाही, खिडकीला तावदान नाही, समोर मातीचा भराव. धडक्या डोळ्यांनी आलो असतो तर पळालो असतो. पण वारा खरा होता. तिथूनच मी कामावर परत गेलो, नोकरी टिकली, पुढे लग्न करून बायकोलाही त्याच खोलीत आणली.

मामा मधूनमधून येत. आत बसत नसत, उंबऱ्यावरच डोळे मिटून उभे राहत. एकदा मी म्हणालो, "मामा, खोली तर मी कधीच घेतली. आता काय ऐकता?"

डोळे न उघडता ते म्हणाले, "हितं माजी खाचरं व्हती. भात कापनीला आला का आवाज येतं."

भराव पडून वर्षं लोटली होती. भाताची काडीसुद्धा आसपास उरली नव्हती. मी रेडिओ बंद केला, बायकोने फुरफुरणारा स्टोव्ह बंद केला, आणि त्यांचं ऐकून होईपर्यंत आम्ही दोघं तशीच उभी राहिलो.