दुकानाची बात आपाशी

मँचेस्टरला ट्राम स्टॉपसमोर एका बांगलादेशी बाईचं शिवणाचं दुकान होतं. सगळे तिला आपा, म्हणजे ताई, म्हणायचे, मीही. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे अर्धं बोलणं भुवयांनीच. ब्लाउज घट्ट झाला म्हटलं, की म्हणे, "ब्लाउज वही है. तुम खाता अच्छा है."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, म्हणून इंग्रजी कागद वाचायला आपा मला बोलवी. त्या दिवशी भाडेकरार संपत आला होता. नवा झाला नाही तर दुकान जाणार होतं. घरमालकाचा माणूस तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "हिच्या नवऱ्याला बोलवा. करार त्याच्या नावावर करू."

मी ते हिंदीत सांगितल्यावर आपाने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. "नवरा ऊपर भात पकाता है. भात का बात करना है तो ऊपर जाओ. दुकान का बात मेरे से."

मी शब्दही न गाळता त्याला इंग्रजीत ऐकवलं.

"त्याची सही तरी लागेलच," तो अडून बसला.

आपाने जिन्यातून हाक मारली. नवरा हात पुसत खाली आला. तिने भाडेकरूच्या कोऱ्या जागी स्वतःचं नाव लिहून सही ठोकली, मग साक्षीदाराच्या रकान्यावर बोट ठेवून पेन त्याच्या हातात दिलं.