चार बाटल्यांची चार गाणी

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या राजशेखर बिराजदार ऊर्फ अण्णांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी आपल्याजवळचं एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावं. मागणं तसं फार मोठं नव्हतं. पण चाळीस वर्षांत ते पुरं झालं नाही, आणि याचा सगळा दोष अण्णा सोलापूरला देत.

अण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्त केलेला रेडिओ नीट लागतो की नाही हे बघायला ते त्यावर परदेशी स्टेशनं लावत आणि आवडलेलं गाणं कॅसेटवर उतरवून घेत. निवेदकाचं एक अक्षरही कळत नसे. म्हणून कॅसेटींवर ‘पोर्तुगाल (बहुतेक)’, ‘क्युबा नाहीतर शेजारचं बेट’ अशा चिठ्ठ्या असत. बघता बघता घरात तीनशे कॅसेटी झाल्या. दुकानात आलेल्या प्रत्येकाला अण्णा चहा पाजून गाणं ऐकवायला बसवत. चहा संपला की त्या माणसाला एकदम काहीतरी तातडीचं काम आठवे. “या गावाला कानच नाहीत,” असं अण्णा उघड म्हणत, आणि गाव ते ऐकून घेई, कारण गावाचा रेडिओ त्यांच्याकडे अडकलेला असे.

पुढे रेडिओ गेले, दुकान गेलं, कॅसेटी राहिल्या. अशात मागच्या दिवाळीला अण्णांच्या बायकोच्या, हेमावतीकाकूंच्या, बहिणीची मुलगी संस्कृती आली. ती नाशिककडे एका वाइनच्या कंपनीत आहे. तिकडे म्हणे लोक निवांत जमतात, एकेक वाइन चाखतात आणि त्या त्या वाइनला शोभेल असं देशोदेशीचं संगीत ऐकतात. हे ऐकून अण्णांचा घास हातातच राहिला.

“बसून ऐकतात? शेवटपर्यंत?”

“ग्लास संपेपर्यंत तरी ऐकतात की, काका. वाइन सावकाश प्यायची असते.”

अण्णांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चहा दोन मिनिटांत संपतो, वाइनला अर्धा तास लागतो. म्हणजे चाळीस वर्षं आपण माणसांना चुकीचं पेय पाजत होतो! जानेवारीत हुरड्याला आपल्या ओळखीच्यांना बोलवायचं, वाइन संस्कृतीची आणि गाणी अण्णांची, असं तिथल्या तिथे ठरलं.

अडचण एकच होती. अण्णा लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, घरात दारूचं नाव काढायची सोय नाही. “नुसता वास घेतला तर चालतंय का?” त्यांनी काकूंना विचारलं. काकूंनी दोन दिवस विचार करून वासाला परवानगी दिली, पण संस्कृतीने पाठवलेल्या नमुन्याच्या चार छोट्या बाटल्या उंबऱ्याच्या आत येऊ दिल्या नाहीत. त्यांना मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी, फिनेलच्या शेजारी जागा मिळाली. रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून अण्णा तिथे उकिडवे बसत आणि डोळे मिटून वास घेत. गडद तांबडीला त्यांनी पोर्तुगाल दिलं, फिकट तांबडीला आर्मेनिया, गुलाबीला क्युबा. पांढरीपाशी मात्र ते फार वेळ थांबले. “हिच्यात देवदाराचं जंगल आहे,” असं म्हणत त्यांनी फिनलंडची कॅसेट काढली. काकूंनी फिनेलचं टोपण घट्ट लावलं.

हुरडा वळसंगच्या हिंदुरावांच्या शेतात होता. हिंदुराव अण्णांचे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने मित्र. रविवारी सकाळी पंधरा माणसं जमली. आगटी पेटली, कणसं भाजायला पडली, शेंगाचटणी, दही, गूळ सगळं मांडून झालं. आंब्याखाली अण्णांनी टेपरेकॉर्डर ठेवला, चार कॅसेटी ओळीने लावल्या आणि हिंदुरावांना सगळा बेत समजावून सांगितला.

“म्हंजी गाणं तोंडी लावायला व्हय?” हिंदुराव म्हणाले. “करा की. आमचं काय जातंय.”

संस्कृती बाटल्या आणायला खोपीत गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. तिच्या मागून हिंदुरावांची बायको रंभाबाई आली. तिच्या कडेवर मोठी घागर होती.

“मावशी, बाटल्या रिकाम्या कशा?” संस्कृतीचा आवाज चिरकला.

“हितं हाय की समदं,” रंभाबाई म्हणाली. “कुणाला तांबडं, कुणाला पांढरं, असला पंक्तिप्रपंच आमच्या घरात चालत न्हाय. समद्या एका घागरीत वतल्या. बरफ घातला, गूळ घातला, इलायची बी घातली. लई कडू हुतं बगा त्ये.”

संस्कृती बांधावर मटकन बसली. कंपनीत चार वर्षं शिकलेलं सगळं त्या घागरीत बुडालं होतं. पाहुण्यांची मात्र तक्रार नव्हती. रंभाबाईने पंधरा पेले भरले, कुणाला थेंब जास्त नाही की कमी नाही, आणि “घ्या की, लाजू नका” म्हणत पुन्हा भरले. सावकाश प्यायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पन्ह्यासारखं दिसलं, पन्ह्यासारखं प्यायले.

अण्णांचं तोंड कोमेजलं. आता कुठल्या देशाचं गाणं लावायचं? घागरीत तर चारही देश होते. शेवटी त्यांनी धीर करून पोर्तुगाल लावलं. पाहुणे जमले. कॅसेटमधली बाई गायला लागली, तोच अण्णांनी बोट वर केलं. “ही गिटार आपल्या गिटारीसारखी नाही बरं का. हिला बारा तारा. आता बघा, आता आवाज चढेल. चढला का? हे मी पंच्याऐंशी साली उतरवून घेतलं, तेव्हा काय झालं...” तीन माणसं कणसं बघायला उठली. क्युबाला त्यांनी ढोलाचे प्रकार सांगितले, तेव्हा पाचजण गेले. फिनलंडला बर्फाची माहिती सुरू झाली आणि उरलेल्यांना एकदम भूक लागली. डाळिंबाचे प्लॉट बघायला म्हणून हिंदुरावसुद्धा गेले, आणि ते त्यांचे स्वतःचेच होते.

आर्मेनियाची कॅसेट लागली तेव्हा आंब्याखाली फक्त काकू होत्या, हुरडा चोळत बसलेल्या. एक म्हातारी कुठल्याशा डोंगरातलं गाणं गात होती. अण्णांना फार वाईट वाटलं, अगदी रडू येईल इतकं. साठी उलटून गेली, वाइन झाली, हुरडा झाला, आता आणखी काय पाजायचं लोकांना? “जाऊ दे,” म्हणत त्यांनी बंद करायला हात पुढे केला.

“सुम्म कूड्री,” काकू म्हणाल्या.

गप्प बसा, हे काकू मराठीत रोजच म्हणत. कानडीत म्हणाल्या की प्रकरण गंभीर असे. अण्णांचा हात तिथेच थांबला.

“संपलं न्हाय त्ये अजून. शेवटाला ती हसती.”

“कोण हसती?”

“ती म्हातारी. तुमाला ठाऊक न्हाय?”

अण्णा त्यांच्याकडे वळले. “तू कधी ऐकलीस ही?”

“तुमी दुकानात गेलात की रोज दुपारी लावायची की मी. समद्या तीनशे ऐकल्यात.”

“मग माझ्यासोबत एक दिवस तरी बसायचं होतंस!” अण्णा म्हणाले.

“तुमी ऐकू कुटं देता? त्या बाईनं तोंड उघडलं की तुमी उघडता. आता गप बसा.”

अण्णा गप्प बसले. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब तीन मिनिटं होती. दोनदा वाद्याचं नाव अगदी ओठांवर आलं आणि दोनदा त्यांनी ते गिळलं. गाणं थांबलं. टेप झिजू नये म्हणून इतकी वर्षं ज्या क्षणी ते बंदचं बटण दाबत आले, त्या क्षणी काकूंनी त्यांचं मनगट धरलं. थोडी खरखर झाली, लांब कुणीतरी काहीतरी बोललं, आणि म्हातारी हसली. आपल्या घरच्याच माणसाने चेष्टा करावी आणि हसू यावं, तसं हसली.

“हे कधीपासून आहे यात?” अण्णांनी हळूच विचारलं.

“पयल्यापासनं,” काकू म्हणाल्या आणि सोललेला हुरडा त्यांच्या ओंजळीत ओतला.

अण्णांनी कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली, काकूंच्या शेजारी मांडी घालून बसले, आणि बोलायची सोयच राहू नये म्हणून हुरड्याचा मोठा बकाणा भरला.