चाचीचं यीस्ट

टाक्यांवरचा फेस तिसऱ्यांदा बसला, तेव्हा जीएम साहेब स्वतः लॅबमध्ये आले.

"मॅडम, मळी तीच, पाणी तेच. मग अल्कोहोल का उतरत नाही?"

"यीस्ट वाढत नाहीये, सर. का, ते शोधतेय."

"शोधा, पण लवकर. नाहीतर बाहेरच्या कंपनीचं तयार यीस्ट मागवतो. तुमचा जीव त्यात अडकलाय हे कळतं मला. पण टाक्या रिकाम्या ठेवून कसं चालेल?"

त्यांचंही चूक नव्हतं.

नेवासा तालुक्यातल्या एका डिस्टिलरीत मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. कारखान्याच्या मळीतली साखर खाऊन अल्कोहोल करायचं काम यीस्ट करतं. यीस्ट म्हणजे एकाच पेशीचा जीव, पाव फुगवतो तोच. आमच्या यीस्टला सगळा प्लांट 'चाचीचं यीस्ट' म्हणायचा. माझ्या आधी इथे शेख सर इनचार्ज होते. त्यांच्या सासऱ्यांच्या गुऱ्हाळावर सरांच्या पत्नी, रशिदाचाची, घागरीत रस ठेवून विसरल्या. तो असा काही फसफसला की सरांनी थोडा लॅबमध्ये आणला आणि त्यातून हे यीस्ट वेगळं काढलं. पुढे सर रिटायर झाले. गेल्या वर्षी चाची गेल्या. त्यांच्या हातचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

यीस्टची पेशी मधोमध चिरून दोन होत नाही. ती आधी आपली एक बाजू ठरवते. त्या बाजूला कळी फुटते, तीच लेक. मग आईचं केंद्रक, म्हणजे वंशाची सगळी माहिती जिथे असते ते, कळीच्या तोंडाशी सरकतं आणि त्याच दिशेने ताणलं जातं. एक वाटा लेकीत जातो, एक आईत राहतो. लेकीचा वाटा आत पोचेपर्यंत आई तिला तोडत नाही, थांबते. एवढ्याशा जीवाची ही शिस्त बघून मला अजून नवल वाटतं.

आमच्या साध्या मायक्रोस्कोपला केंद्रक नीट दिसत नाही. म्हणून सॅम्पल घेऊन मी नगरच्या एका कॉलेजात गेले. तिथे रंग देऊन पाहिलं. कळ्या फुटत होत्या, पण केंद्रक भलत्याच दिशेला ताणलं जात होतं. दोन्ही वाटे आईतच. आणि आई थांबतही नव्हती, रिकामी लेक तशीच तोडून देत होती. सगळ्या पेशींचं असं नव्हतं, पण टाकी बसायला तेवढ्या पुरे होत्या.

एकेक पेशी वेगळी वाढवून पाहिली. एखादी तरी चांगली निघेल म्हणून आठवडाभर प्लेटा तपासल्या. सगळीकडे तेच, प्रत्येकीच्या वंशात काही लेकी रिकाम्या. आमच्या लॅबची पद्धत अशी, की यीस्ट नव्या नळीत वाढवायला घातलं की मागची नळी टाकायची. त्यामुळे कधीतरी शिरलेली खोट पुढे पुढे येत गेली आणि जुनं, निरोगी यीस्ट लॅबमध्ये उरलंच नाही.

एक आशा होती. सरांनी रिटायर होताना एक नळी घरी नेली होती. मी थेट त्यांच्या गावी गेले.

"हुती," सर म्हणाले. "फ्रीजमधी, लोणच्याच्या बरणीमागं. ही गेली तवा घर पाव्हन्यांनी भरलं. बायकांनी फ्रीज धुऊन काढला. कायतरी नासलंय म्हनून टाकली आसंल."

"तुम्ही विचारलं नाही कुणाला?"

"मयतीच्या घरात नळी कुठं गेली म्हनून कुनाला इचारू, बेटा?"

मी नगरला काय दिसलं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी सर लॅबमध्ये आले. मी कॉम्प्युटरवर फोटो लावले. ते बराच वेळ बघत होते.

"लेक रिकामीच निघतीय की."

"हो, सर."

"आन आई थांबत बी न्हाई?"

"नाही."

"मग बंद करा हे. जीएम बरोबर हायेत."

ऑटोक्लेव्ह म्हणजे लॅबचा मोठा प्रेशर कुकर. नको असलेलं यीस्ट त्यात मारून टाकतात. मी नळ्या उचलायला गेले, तर सरांनी माझा हात बाजूला केला.

"राहू द्या. घरच्याला घरच्यांनीच न्यावं."

एकेक नळी त्यांनी स्वतः आत ठेवली, झाकण आवळलं, बटन दाबलं. वाफ सुटेपर्यंत ते स्टुलावर बसून होते. मी रडले. ते रडले नाहीत.

कंपनीचं यीस्ट आलं, अल्कोहोल उतरलं, जीएम साहेबांनी पेढे वाटले. आता आम्ही दोन डीप फ्रीजर घेतलेत. प्रत्येक स्ट्रेनच्या, म्हणजे यीस्टच्या वाणाच्या, दोन नळ्या दोन वेगळ्या इमारतींत ठेवतो, आणि मागची नळी टाकत नाही. नव्या माणसाला मी पहिल्याच दिवशी हे शिकवते.

मध्ये सरांचा फोन आला होता.

"नवीन कसं हाय?"

"ठीक आहे, सर."

"उन्हाळ्यात बघा. आपल्यावानी दम न्हाई धरायचं ते."

उन्हाळा झाला. ते उत्तम चाललं. सरांना मी अजून सांगितलेलं नाही.