मुळं वर, फुलं खाली

लोक बाहेरगावाहून येताना आंबे, काजू, खाजं आणतात. आमचे अण्णा मोकाशी दगड आणायचे. ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीचा जिना चढताना त्यांच्या कापडी पिशवीचे बंद ताणलेले दिसले, की अण्णा कुठेतरी जाऊन आले हे न विचारता कळायचं. एकदा रे रोडला कुणाच्या तरी बाराव्याला गेले आणि वखारीबाहेर पडलेला काळाभोर दगड घेऊन आले. "बसमध्ये कंडक्टरने विचारलं, पिशवीत काय? म्हटलं, दगड. तर म्हणाला, चिडू नका आजोबा, सहज विचारलं." हे सांगताना ते स्वतः अजिबात हसले नाहीत.

सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर अण्णांनी रॉक गार्डन करायचं मनावर घेतलं होतं. तेही दुसऱ्या मजल्यावरच्या, चाळीच्या मागच्या गॅलरीत. पाण्याचं पिंप आडवं कापून त्यात खडी भरली, वर दगड रचले आणि दगडांच्या फटींत जांभळ्या फुलांची, लोळत जाणारी घाणेरी लावली. शेजारी माझं बिऱ्हाड, त्यामुळे व्याख्यानं मला. "हिचे लाड करायचे नाहीत. खत घातलंस की नुसती पानं माजतात, पाणी घातलंस की मुळं कुजतात. उपाशी ठेव, मग बघ कशी फुलते!" मग स्वतःच विरघळून तांब्याभर पाणी घालायचे.

घाणेरी माजली. कठड्यावरून उतरून थेट पहिल्या मजल्यापर्यंत लोंबली आणि उजेडाकडच्या टोकांना फुलली. पंचाईत तिथेच झाली. मागे गोदामाचे पत्रे, त्यावर कबुतराखेरीज कुणी उभं राहू शकत नाही. वरून वाकून बघावं तर अण्णांना चक्कर यायची. म्हणजे मुळं अण्णांची आणि फुलं दिसायची फक्त खालच्या पारकरीणबाईंच्या खिडकीतून. आणि पारकरीणबाई अण्णांशी बोलत नव्हत्या.

कारण त्या तांब्याचं पाणी. ते दगडांतून झिरपून बाईंच्या खिडकीत वाळत घातलेल्या बोंबलांवर पडलं होतं. बाईंचं एकच म्हणणं, चूक झाली म्हणा. अण्णांचंही एकच, "पाणी खाली जातं हा माझा अपराध आहे का?" एवढ्यावर वर्षानुवर्षांचा अबोला. मी म्हटलं, अण्णा, खालून मोबाइलवर फोटो काढून आणतो. तर म्हणाले, "फोटोतच बघायची तर कॅलेंडर काय वाईट आहे?"

एकदा त्यांनी दाढीचा आरसा काठीला बांधून खाली सोडला. आरशात फुलांऐवजी पारकरीणबाई दिसल्या, भांग पाडत असलेल्या. त्यांना वर अण्णांचा एक डोळा दिसला. त्या दिवशी चाळीने जे ऐकलं ते लिहिण्यासारखं नाही. अण्णा मात्र आरसा सोडवत मला म्हणाले, "कोन चुकला."

पण झाडाची छाटणी खालीच व्हायला हवी होती. म्हणून अण्णा कठड्याशी उभे राहून पत्र्यांना सूचना द्यायचे. "फुलून गेलेलं टोक दोन पेरं सोडून कापावं! नखाने खुडू नये!" जरा वेळाने खालून पत्र्यांनाच उत्तर यायचं, "वरच्यांका सांगा, माझी कात्री सुंगटां साफ करूची आसा, झाडां कापूची न्हय!" आणि पाठोपाठ त्या कोळंबीच्या कात्रीचा कच् कच् आवाज. अण्णा डोळे मिटून ऐकत राहायचे. "बाईचा हात चांगला आहे," असं माझ्या कानात म्हणायचे आणि हे कुठे बोलू नकोस म्हणून दटावायचे.

मग चाळीची दुरुस्ती निघाली. इंजिनिअर आला, गॅलरीची वाकलेली तुळई बघून पांढराफटक पडला. "हे दगड इथे कुणी ठेवले?" अण्णा म्हणाले, "निसर्गाने." पण निसर्गाचं काही चाललं नाही. दगड जाणार, पिंप जाणार, झाड मुळासकट जाणार असं ठरलं. अण्णांचं जेवण तुटलं. त्या संध्याकाळी ते कठड्याशी गेले आणि पत्र्यांना म्हणाले, "फांदी खडीमातीत दाबून वर दगड ठेवला, तर महिन्या-दीड महिन्यात तिथे मूळ धरते." खालून काहीच उत्तर आलं नाही. मला बाईंचा फार राग आला.

मजूर यायला दोन महिने लागले. झाड कापलं त्या दिवशी अण्णा दार लावून आत बसले होते. दुपारी पारकरीणबाईंनी मला जिन्यात गाठलं. "वरच्यांका सांग, खाली येवन बघा म्हणान."

अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला. बाईंच्या खिडकीच्या जाळीत तेलाचा डबा होता, त्यात खडी, खडीत दाबलेली फांदी, आणि फांदीवर चक्क वरवंटा. वरचा वेल कापला तरी ती तजेलदार होती, तिने स्वतःचं मूळ धरलं होतं. टोकांना जांभळे झुबके लागले होते. "दगड खंय गावतलो? म्हणान वरवंटोच ठेवलंय," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. अण्णा आपली फुलं पहिल्यांदा बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मलाही राहवेना. सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसून ते मला म्हणाले, "खालच्यांना सांग, पाणी जरा जास्त होतंय."

तेव्हापासून अण्णा रोज सकाळी खाली जायचे, खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. अबोला कायम होता. समोरासमोर बसून दोघं पत्र्यांशी बोलायची. "वरच्यांका सांगा, चाय निवान जातली." "खालच्यांना सांगा, साखर कमी आहे." माफी कुणी मागितली नाही, आणि अण्णांची चहाची वेळ कधी चुकली नाही.

गेल्या हिवाळ्यात अण्णा झोपेतच गेले. त्यांना खाली आणताना पहिल्या मजल्यावर पारकरीणबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. मी सवयीने त्यांच्याजवळ थांबलो, काही निरोप असेल म्हणून. त्यांनी मला हाताने बाजूला सारलं, पुढे झाल्या आणि अण्णांच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या,

"अण्णानू, सावकाश जावा हां. जिन्यात काळोख आसा."